इंग्रजीतील विशेषणांचा नाम म्हणून वापर

इंग्रजी भाषेत विशेषण सामान्यतः नामाच्या आधी किंवा क्रियापदानंतर येते आणि विशेष्याचा गुण, स्थिती वा संख्या दाखवते. अनेकदा मात्र विशेष्य गाळले जाते आणि विशेषण एकटेच नामाचे कार्य करते. 'द पूअर' म्हणजे गरीब लोक, 'द इम्पॉसिबल' म्हणजे जे अशक्य ते आणि 'लोकल्स' म्हणजे स्थानिक रहिवासी, ही त्याची रोजच्या वापरातील उदाहरणे होत. अशा विशेषणांना नामीकृत विशेषणे म्हणतात.

सर्व नामीकृत विशेषणे सारख्याच प्रमाणात नाम झालेली नसतात. काही केवळ विशिष्ट रचनेत नामाची जागा घेतात आणि बाकी सर्व बाबतींत विशेषणच राहतात. काही पूर्णपणे नाम होतात आणि नामाप्रमाणे उपपद, अनेकवचन व षष्ठी ही सर्व रूपे घेतात. हा फरक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे अनेकवचनाचा 'एस' प्रत्यय. 'द पूअर' अनेकवचनी अर्थाचे असूनही 'एस' घेत नाही, तर 'लोकल' हे घेते. हा भेद व्याकरणशुद्धतेपुरता मर्यादित नाही. माणसांच्या समूहाला नाव देताना विशेषण वापरावे की नाम, या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे.

इतिहास

सुमारे इ.स. ११५० पर्यंतच्या प्राचीन इंग्रजीत विशेषणाला लिंग, वचन आणि विभक्ती यांनुसार वेगवेगळे प्रत्यय लागत. मराठीत 'चांगला', 'चांगली', 'चांगले' या रूपांवरून विशेष्याचे लिंग कळते, त्याप्रमाणेच प्राचीन इंग्रजीतील विशेषणाच्या रूपावरून पुष्कळ माहिती मिळत असे. त्यामुळे विशेष्य गाळले तरी एका पुरुषाविषयी, एका स्त्रीविषयी की अनेकांविषयी बोलले जात आहे, हे बहुधा स्पष्ट राही.

मध्ययुगात हे प्रत्यय हळूहळू झिजले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. 'गुड' या विशेषणाचे सर्व ठिकाणी एकच रूप उरले. आता केवळ 'अ गुड' म्हटल्याने चांगला माणूस, चांगली स्त्री की चांगली वस्तू हे कळेना. ही उणीव भरून काढण्यासाठी विशेषणापुढे 'वन' हा शब्द ठेवण्याची पद्धत रूढ झाली. 'अ गुड वन', 'द रेड वन्स' या रचना त्यातूनच आल्या. येथे 'वन' हा संख्यावाचक शब्द नसून गाळलेल्या नामाचा टेकू आहे. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी आपल्या बहुखंडी इंग्रजी व्याकरणात या आधारशब्दाचे आणि नामीकृत विशेषणांचे विस्तृत विवेचन केले आहे.

निश्चित उपपदासह येणारे एकटे विशेषण मात्र टिकून राहिले. आधी ते एका व्यक्तीसाठीही वापरता येत असे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये 'द पूअर' हे काही ठिकाणी एकवचनी क्रियापदासह आढळते. पुढे हा वापर मागे पडला आणि 'द पूअर', 'द रिच', 'द सिक' यांचा अर्थ अनेकवचनापुरता मर्यादित झाला.

याच काळात फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेली अनेक विशेषणे इंग्रजीत नामेही बनली. 'जनरल', 'प्रिन्सिपल', 'क्रिमिनल', 'नोबल', 'रिलेटिव्ह' ही त्यांतील काही. 'पेटंट' या शब्दाचा मूळ अर्थ 'उघडे' असा आहे. राजाच्या नावाने निघणाऱ्या खुल्या सनदेला 'लेटर्स पेटंट' म्हणत. त्यातील 'लेटर्स' गळून 'पेटंट' हे विशेषण स्वतंत्र नाम झाले आणि आज त्याचे 'पेटंट्स' असे साधे अनेकवचन होते.

प्रकार

*समूहवाचक वापर*

निश्चित उपपद 'द' आणि विशेषण मिळून तो गुण असलेल्या सर्व माणसांचा बोध होतो. 'द यंग', 'द ओल्ड', 'द ब्लाइंड', 'द ब्रेव्ह', तसेच धातुसाधित 'द इंजर्ड', 'द लिव्हिंग', 'द अनएम्प्लॉइड' ही या प्रकारची उदाहरणे आहेत. या रचनेची पुढील वैशिष्ट्ये सांगता येतात :

* अर्थ अनेकवचनी असतो. त्यामुळे क्रियापद 'इज' नव्हे, तर 'आर' येते.
* 'एस' प्रत्यय लागत नाही. 'द पूअर्स' हे रूप अशुद्ध आहे.
* एका व्यक्तीसाठी ही रचना चालत नाही. 'अ पूअर' न म्हणता 'अ पूअर मॅन', 'अ पूअर वुमन' किंवा 'अ पूअर पर्सन' म्हणावे लागते.
* संख्याविशेषण थेट लावता येत नाही. 'थ्री ब्लाइंड' ऐवजी 'थ्री ब्लाइंड पीपल' असे म्हणतात.
* क्रियाविशेषण लावता येते. 'द व्हेरी रिच' ही रचना शुद्ध आहे. नामाला 'व्हेरी' असे लावता येत नसल्यामुळे येथे 'रिच' अजून विशेषणच आहे, हे सिद्ध होते.

'द अक्यूज्ड' म्हणजे आरोपी आणि 'द डिसीज्ड' म्हणजे मृत व्यक्ती, हे कायद्याच्या भाषेतील शब्द अपवादात्मक आहेत. ते रूप न बदलता एका व्यक्तीसाठीही आणि अनेकांसाठीही वापरले जातात. वचन क्रियापदावरून कळते.

*भाववाचक वापर*

'द अननोन' म्हणजे जे अज्ञात ते आणि 'द वर्स्ट' म्हणजे सर्वांत वाईट ते. येथे माणसांचा समूह नसून एक कल्पना अभिप्रेत असते. क्रियापद एकवचनी येते आणि अनेकवचन होत नाही. 'इन जनरल', 'इन शॉर्ट', 'इन पर्टिक्युलर', 'फॉर गुड' या रूढ शब्दबंधांतही विशेषण शब्दयोगी अव्ययानंतर नामाच्या जागी आलेले आहे.

*अध्याहृत विशेष्य*

आधी आलेले नाम पुन्हा न उच्चारता केवळ विशेषण ठेवले जाते. दोन सदऱ्यांपैकी 'द चीपर' म्हणजे अधिक स्वस्त असलेला. येथे नाम संदर्भावरून समजते. हा तात्पुरता वापर असून त्यातून शब्दकोशात नवे नाम तयार होत नाही.

*पूर्ण नामीकरण*

विशेषण आणि नाम यांची जोडी वारंवार वापरली गेली की नाम गळते आणि विशेषण त्याचा सर्व अर्थ स्वतःकडे घेते. 'डेली न्यूजपेपर'चे 'डेली', 'फायनल मॅच'चे 'फायनल', 'मोबाइल फोन'चे 'मोबाइल' आणि 'कॅपिटल सिटी'चे 'कॅपिटल' झाले. असे शब्द 'अ' हे उपपद घेतात, संख्याविशेषण घेतात आणि त्यांना दुसरे विशेषणही लागते. 'यंग प्रोफेशनल्स' या शब्दबंधात 'प्रोफेशनल' पूर्णपणे नाम आहे. 'पेशंट' हा शब्द विशेषण म्हणून 'सहनशील' आणि नाम म्हणून 'रुग्ण' असा दोन्ही अर्थांनी वापरात आहे. दोन्हींचा उगम 'सहन करणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूत आहे.

मराठीने असे अनेक शब्द नामरूपातच स्वीकारले. मुंबईची 'लोकल' हे त्याचे ठळक उदाहरण आहे. 'लोकल ट्रेन'मधील 'ट्रेन' गळाली. 'गाडी' हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने मराठीत 'लोकल'ही स्त्रीलिंगी मानली गेली. शाळा-महाविद्यालयांतील 'प्रॅक्टिकल', 'ओरल', 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हेही मूळचे विशेषणच.

अनेकवचनाचे नियम

पूर्णपणे नाम झालेल्या विशेषणाचे अनेकवचन इतर नामांप्रमाणेच होते.

* बहुतेक शब्दांना 'एस' लागतो : फायनल–फायनल्स, क्रिमिनल–क्रिमिनल्स, नेटिव्ह–नेटिव्ह्ज, रेड–रेड्स.
* शेवटी व्यंजनानंतर 'वाय' हे अक्षर असेल, तर ते जाऊन 'आय-ई-एस' अशी अक्षरे येतात. डेली, वीकली, मंथली आणि क्वार्टर्ली या नियतकालिकवाचक शब्दांचे अनेकवचन असेच लिहिले जाते.
* शेवटी 'स'सारखा ऊष्म ध्वनी असेल, तर 'ई-एस' लागते : एक्सप्रेस–एक्सप्रेसेस.

प्रत्ययाचा उच्चार मागील ध्वनीवर अवलंबून असतो. 'ब्लॅक्स'मध्ये अघोष 'क'नंतर तो 'स' असा होतो. 'रेड्स' व 'लोकल्स'मध्ये घोष ध्वनीनंतर तो 'झ'सारखा होतो आणि 'एक्सप्रेसेस'मध्ये 'इझ' असा ऐकू येतो.

*तुलनात्मक रूपे*

तुलनात्मक विशेषणांपैकी काही नामे झाली आहेत. 'एल्डर्स' म्हणजे वडीलधारी मंडळी. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' आणि 'इन्फीरियर' ही मूळची लॅटिन तुलनात्मक रूपे आहेत आणि त्या सर्वांना अनेकवचनी 'एस' लागतो.

*केवळ अनेकवचनी शब्द*

काही विशेषणे नाम म्हणून मुख्यतः अनेकवचनातच वापरली जातात. 'व्हॅल्युएबल्स' म्हणजे मौल्यवान वस्तू, 'पेरिशेबल्स' म्हणजे नाशवंत माल, 'एसेन्शियल्स' म्हणजे आवश्यक गोष्टी आणि 'ग्रीन्स' म्हणजे पालेभाज्या. कार्यालयीन नमुन्यांतील 'पर्टिक्युलर्स' म्हणजे तपशील. हिशेबाच्या वह्यांतील 'रिसीव्हेबल्स' म्हणजे येणे रक्कम आणि 'पेएबल्स' म्हणजे देणे रक्कम. कसोटी क्रिकेटपटूंच्या पांढऱ्या पोशाखाला 'व्हाइट्स' म्हणतात.

*राष्ट्रीयत्ववाचक शब्द*

राष्ट्रीयत्व दाखवणाऱ्या विशेषणांचे वर्तन त्यांच्या शेवटच्या ध्वनीनुसार बदलते.

* 'अन' या उच्चाराने संपणारे शब्द पूर्ण नामे आहेत : इंडियन्स, इटालियन्स, जर्मन्स. 'ग्रीक' हाही याच गटातला.
* 'ईज' या उच्चाराने संपणारे शब्द दोन्ही वचनांत सारखेच राहतात : चायनीज, जॅपनीज, पोर्तुगीज. 'स्विस' या शब्दाचेही तसेच आहे.
* 'श' किंवा 'च' या ध्वनीने संपणारे शब्द केवळ समूहवाचक राहतात : द इंग्लिश, द आयरिश, द फ्रेंच, द डच. एका व्यक्तीसाठी 'इंग्लिशमन', 'फ्रेंचवुमन' यांसारखा वेगळा शब्द लागतो.
* काही राष्ट्रांसाठी विशेषण आणि नाम हे वेगवेगळे शब्द आहेत : स्पॅनिश–स्पॅनियार्ड, डेनिश–डेन, पोलिश–पोल, टर्किश–टर्क.

सतराव्या शतकातील इंग्रजीत 'चायनीजेस' असे अनेकवचनी रूप आढळते. पुढे ते लोपले. शब्दाच्या शेवटचा ध्वनी अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा वाटल्याने 'चायनी' आणि 'पोर्तुगी' अशी एकवचनी रूपेही बोलीत निर्माण झाली. ती आज अशिष्ट समजली जातात.

*विशेषण नामानंतर येणारी जोडपदे*

फ्रेंचच्या प्रभावामुळे कायदा व प्रशासनातील काही पदनामांत विशेषण नामानंतर येते. अशा वेळी प्रत्यय नामाला लागतो. 'ॲटर्नी जनरल'चे अनेकवचन 'ॲटर्नीज जनरल', 'नोटरी पब्लिक'चे 'नोटरीज पब्लिक' आणि 'कोर्ट मार्शल'चे 'कोर्ट्स मार्शल' असे होते. 'मेजर जनरल' या लष्करी हुद्द्यात मात्र 'जनरल' हेच नाम असल्याने अनेकवचन 'मेजर जनरल्स' असे होते. 'ॲटर्नी जनरल्स' हे रूपही प्रचारात आहे. शेवटचा शब्द नामच असणार, या समजुतीतून ते आले आहे.

अर्थभेद

प्रत्यय लागतो की नाही, यावर अर्थ पूर्णपणे बदलू शकतो. 'द गुड' हे अनेकवचनी क्रियापदासह आले तर सज्जन लोक आणि एकवचनी क्रियापदासह आले तर चांगुलपणा किंवा हित असा अर्थ होतो. 'गुड्स' म्हणजे मात्र माल किंवा विक्रीच्या वस्तू. रेल्वेची 'गुड्स ट्रेन' म्हणजे मालगाडी. एकाच विशेषणातून माणसे, कल्पना आणि वस्तू असे तीन वेगळे अर्थ निघतात.

'रिचेस' हा शब्द 'रिच'चे अनेकवचन भासतो, पण तसे नाही. 'संपत्ती' या अर्थाच्या जुन्या फ्रेंचमधील एकवचनी नामावरून तो आला आहे. शेवटच्या 'स' ध्वनीमुळे पुढे त्याला अनेकवचनी समजले गेले. त्यामुळे श्रीमंत लोकांना 'द रिचेस' म्हणणे चूक ठरते.

'न्यूज'ची कथा याच्या उलट आहे. तो खरोखरच 'न्यू' या विशेषणाच्या नामरूपाचे अनेकवचन होता आणि त्याचा अर्थ 'नव्या गोष्टी' असा होता. आज मात्र तो एकवचनी मानला जातो आणि त्याच्यासह 'इज' येते. 'फिजिक्स', 'मॅथेमॅटिक्स' या शास्त्रनामांच्या मुळाशीही ग्रीक विशेषणांची अनेकवचनी रूपे आहेत, तरी ही नावेही एकवचनीच वापरली जातात.

मराठीशी तुलना आणि सामान्य चुका

मराठीत जवळजवळ कोणतेही विशेषण प्रत्यय घेऊन नाम होऊ शकते. 'गरीब माणसांना' या शब्दबंधात 'गरीब'ला प्रत्यय लागत नाही, पण 'माणूस' गाळले की तोच प्रत्यय विशेषणाकडे येतो आणि 'गरिबांना' असे रूप होते. एकवचनातही हे सहज घडते. 'शहाण्याला शब्दाचा मार' या म्हणीत 'शहाणा' हे विशेषण एका व्यक्तीसाठी आले आहे. भाववाचक अर्थासाठी मराठी नपुंसकलिंगी एकवचन वापरते, जसे 'बरेवाईट' किंवा 'वाईटातून चांगले निघाले'. हेच काम इंग्रजीत 'द' हे उपपद करते.

भारतीय राष्ट्रीय सभेच्या इतिहासात हा फरक स्पष्ट दिसतो. १९०७ च्या सुरत अधिवेशनात फुटलेल्या दोन गटांना मराठीत 'मवाळ' आणि 'जहाल' म्हणतात. दोन्ही विशेषणेच आहेत आणि 'मवाळांनी', 'जहालांनी' अशी रूपे त्यांना सहज होतात. इंग्रजीत 'मॉडरेट' या विशेषणाला 'एस' लावून 'मॉडरेट्स' झाले, पण 'एक्स्ट्रीम'ला तसे करता आले नाही. त्यासाठी वेगळा प्रत्यय जोडून 'एक्स्ट्रीमिस्ट्स' असे नाम घडवावे लागले.

मराठी भाषकांच्या इंग्रजीत 'पूअर्स', 'द अनएम्प्लॉइड्स' किंवा 'अ ब्लाइंड' अशी रूपे आढळतात, त्यांचे कारण मराठीच्या या नियमात आहे. मराठीत प्रत्यय लागतो म्हणून इंग्रजीतही लागावा, असे शिकणाऱ्याला वाटते. षष्ठीच्या बाबतीतही सावधगिरी लागते. 'गरिबांची दुःखे' हे इंग्रजीत सांगताना 'पूअर'ला षष्ठीचा प्रत्यय न लावता 'ऑफ द पूअर' अशी रचना करणे रूढ आहे.

सामाजिक संदर्भ

विशेषण माणसाचा एक गुण सांगते, तर नाम त्या माणसाची पूर्ण ओळख सांगितल्यासारखे वाटते. 'ब्लॅक पीपल'मध्ये 'पीपल' म्हणजे माणसे हा मुख्य शब्द आहे. 'ब्लॅक्स' किंवा 'अ ब्लॅक' म्हटल्यास तो नाहीसा होतो. त्यामुळे असा वापर आज अनेकांना अवमानकारक वाटतो. वसाहतकाळात 'नेटिव्ह' या विशेषणाचे 'नेटिव्ह्ज' झाले, तेव्हाही त्यात 'मूळ रहिवासी' या साध्या अर्थाबरोबर तुच्छतेची छटा आली.

अपंगत्वाच्या संदर्भात 'द डिसेबल्ड' ऐवजी व्यक्तीचा उल्लेख आधी करणारी रचना अधिकृत लेखनात रूढ झाली आहे. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आणि भारताचा २०१६ चा कायदा या दोहोंच्या इंग्रजी नावांत 'पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज' असे शब्द आहेत. तथापि जुन्या संस्थांच्या नावांत समूहवाचक रूप टिकून आहे. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड'चे नाव हे त्याचे उदाहरण आहे. सर्वच समूहांना नवी रचना मान्य आहे असेही नाही. बधिर आणि अंध व्यक्तींच्या काही संघटना विशेषण आधी ठेवण्याचाच आग्रह धरतात, कारण त्यांच्या मते ते विशेषण लपवण्यासारखे नाही.

जानेवारी २०२३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने समाजमाध्यमावर एक सूचना दिली. 'द पूअर', 'द डिसेबल्ड' यांसारखी 'द' लावलेली समूहनामे टाळावीत, असे त्यात म्हटले होते. त्या यादीत 'द फ्रेंच' हेही उदाहरण असल्याने सूचनेची बरीच थट्टा झाली. संस्थेने ती मागे घेऊन खेद व्यक्त केला. राष्ट्रीयत्ववाचक आणि इतर समूहवाचक विशेषणांची रचना एकच असली, तरी त्यांचा परिणाम एकसारखा नसतो, हे या प्रसंगातून दिसून आले.

भारतात 'अनटचेबल' या शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. 'स्पर्श करण्यास अयोग्य' या अर्थाचे हे विशेषण इंग्रजी लेखनात 'एस' घेऊन संपूर्ण समूहाचे नाव झाले. मुल्कराज आनंद यांच्या १९३५ च्या कादंबरीचे शीर्षक 'अनटचेबल' असे एकवचनी आहे, तर बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९४८ च्या ग्रंथाचे शीर्षक 'द अनटचेबल्स' असे आहे. हे लोक अस्पृश्य का *बनले*, असा प्रश्न त्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच विचारलेला आहे. नाम एखादी अवस्था जन्मजात असल्यासारखी मांडते, तर हा प्रश्न ती अवस्था इतिहासात घडवली गेली, याकडे लक्ष वेधतो.

'दलित' हा शब्दही व्याकरणदृष्ट्या विशेषणच आहे. संस्कृतमधील या धातुसाधिताचा अर्थ 'तुडवलेला, भंगलेला' असा आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरच्या चळवळीने हा शब्द स्वाभिमानाची ओळख म्हणून पुढे आणला. इंग्रजीने तो जसाच्या तसा घेतला आणि आज तो विशेषण म्हणून 'दलित लिटरेचर' आणि नाम म्हणून 'दलित्स' असा दोन्ही प्रकारे वापरला जातो. विशेषणाचे नाम होण्याची प्रक्रिया 'अनटचेबल्स' आणि 'दलित्स' या दोन्ही शब्दांत एकच आहे. पहिले नाव मात्र इतरांनी लादलेले होते आणि दुसरे त्या समाजातील कार्यकर्त्यांनी व लेखकांनी स्वतः स्वीकारलेले आहे.